कॉम्प्युटरने भाषा बदलली त्याची गोष्ट

कॉम्प्युटर हळू चालतो अशी तक्रार आमच्या घरात कोणीही केली नव्हती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जे काही झालं त्याला मी बरेच दिवस 'तक्रारीचं निवारण' म्हणत होतो. आई त्यावर पत्त्यांचा डाव लावायची, बायको विणकामाचे व्हिडिओ बघायची. बटण दाबल्यापासून तो जागा होईपर्यंत चहा करून, पिऊन, कप विसळून व्हायचे. सगळ्यांना त्याची सवय झाली होती.

पण मावशीचा निरोप आला आणि मला जबाबदारीची जाणीव झाली. मला जाणीव झाली की घरात थोडी घबराट पसरते, असं बायको म्हणते.

आई आणि मावशी, सख्ख्या बहिणी, नऊ वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. भांडण आजीच्या शिलाई मशीनवरून होतं. दोघींनाही ते हवं होतं. दोघीही "तूच घे" म्हणण्याइतक्या चांगल्या नव्हत्या आणि "मलाच पाहिजे" म्हणण्याइतक्या वाईटही नव्हत्या. शेवटी मामाने न्याय केला. वरचं मशीन मावशीला आणि खालचं पायडलवालं टेबल आईला. मामा त्या न्यायावर इतका खूश होता की तो सगळ्यांना सांगत फिरला. त्या दिवसापासून दोन्ही घरांत एक टाका पडला नाही आणि दोघींचं बोलणंही बंद झालं. आईच्या वाटणीच्या त्या टेबलावर आमचा कॉम्प्युटर ठेवलेला असतो. त्यावर काम करताना माझे पाय आपोआप पायडल मारू लागतात आणि खालचं चाक गरगर फिरतं. बायकोचं म्हणणं, या घरात कामाचा वेग तेवढाच.

तर मावशीने तिच्या सुनेकडून निरोप पाठवला. "रविवारी चारला मी कॉम्प्युटरवर येईन. ताईला बोलायचं असेल तर ती समोर बसेल. नसली तर मी समजेन काय ते. पुन्हा नाही विचारणार."

 शनिवारी सकाळी आईने चष्मा साबणाने स्वच्छ धुतला, पुसला आणि रविवारपर्यंत खराब होऊ नये म्हणून कपाटात ठेवून दिला. दिवसभर ती बिनचष्म्याची भिंतींना चाचपडत फिरत होती.

"आई, माझ्या फोनवरून बोला की," बायको म्हणाली.

"त्या फोनात माणूस अंगठ्याएवढं दिसतं. ती रागावलीय का दमलीय, हे मला अंगठ्यावरून कसं कळायचं?"

मुद्दा बिनतोड होता. मी मात्र त्याच्याही पुढचा विचार केला. ऐन बोलण्यात आमचा कॉम्प्युटर अडकला आणि मावशी तोंड उघडं ठेवून थिजली, तर आईला वाटेल ती ओरडतेय. म्हणजे आणखी नऊ वर्षं गेली. तेव्हा कॉम्प्युटरमध्ये नवी सिस्टिम टाकायची असं मी ठरवलं. माझा मेहुणा जहाजावर नोकरी करतो. मागच्या सुट्टीत तो एक पेनड्राइव्ह देऊन गेला होता. "भावजी, यात जगातल्या सगळ्या भाषा आहेत. काही करावं लागत नाही. नुसतं 'पुढे, पुढे' करत जायचं."

'पुढे, पुढे' करत जाणं हाच माझा व्यवसाय आहे. मी कार्यालयात अधीक्षक आहे. माझ्यासमोर दिवसभर कागद येतात आणि मी त्यांवर सही करतो. सहीची जागा खाली उजवीकडे असते. वर काय लिहिलंय ते लिहिणाऱ्याला ठाऊक असतं, आपण कशाला नाक खुपसा? वाचलं की शंका येते, शंका आली की शेरा मारावा लागतो आणि शेरा मारला की तोच कागद दुप्पट जाड होऊन परत येतो. न वाचता सही करणारा माणूस कार्यालय चालवतो आणि वाचून करणारा ते बंद पाडतो, असं माझं प्रामाणिक मत आहे. माझ्या हाताखालच्या सर्वांचं माझ्याबद्दल वेगळं मत आहे, पण तो विषय वेगळा.

शनिवारी दुपारी मी पेनड्राइव्ह लावला. पडद्यावर भाषांची एक लांबलचक यादी आली. प्रत्येक भाषेचं नाव त्याच भाषेत लिहिलेलं होतं, ही मला शुद्ध अडवणूक वाटली. मी यादीकडे आदराने पाहिलं आणि नेहमीप्रमाणे खाली उजवीकडे क्लिक केलं.

पुढचं पान आलं ते माझ्या बापजन्मात न पाहिलेल्या लिपीत. जुना स्वेटर उसवल्यावर लोकर पडते तशी अक्षरं पडली होती आणि त्यांच्यावर ठिपके. मी गडबडलो नाही. खाली उजवीकडे एक बटण होतंच. ते दाबलं. पुन्हा भाषांची यादी आली. मी मनात म्हटलं, खात्री करून घेतोय. आम्हीही तोच कागद दोनदा मागवतो. खाली उजवीकडे दाबलं. पुन्हा लोकर. पुन्हा दाबलं, पुन्हा यादी. काम व्यवस्थित चालू आहे या समाधानात मी कितीतरी वेळ दाबत होतो आणि खाली चाक फिरत होतं. त्या यादीत मराठीही होतं आणि दर फेरीला माझ्या डोळ्यांसमोरून जात होतं, हे मला नंतर सांगण्यात आलं.

"अहो," मागून बायको म्हणाली, "ते मागे जातंय."

"मागे कसं जाईल? मी पुढे दाबतोय."

"ती भाषा उजवीकडून डावीकडे लिहितात. बघा ना, ओळी कुठून सुरू होतायत. त्यांचं पुढे म्हणजे आपलं मागे."

कार्यालयात मला असं तोंडावर कोणी बोललेलं नाही. ती चुकतेय हे दाखवायला मी खाली डावीकडे क्लिक केलं. पडदा झर्रकन पुढे गेला आणि एक मोठी लाल चौकट उगवली.

नेमके त्याच वेळी समोरच्या दारातले विमावाले आले. हे गृहस्थ विमा विकतात, त्यामुळे कोणाच्याही घरात काही बिघडायच्या बेतात असलं की त्यांना आधी कळतं. त्यांनी सुचवलं की फोन पडद्यासमोर धरला की भाषांतर होतं. बायकोने फोन धरला. फोनमध्ये मराठी उमटलं.

"आदरणीय वापरकर्त्या, ही भिंत आणि तिच्यात राहणारे सर्वजण कायमचे निघून जातील. आनंद आहे का?"

खाली दोन बटणं. एकावर 'आनंद आहे' आणि दुसऱ्यावर 'लाज वाटते'.

"कोणती भिंत?" बायकोने विचारलं.

"काही जोखीम असेल तर आधी विमा..." विमावाल्यांनी सुरुवात केली.

"लाज वाटण्यासारखं मी काहीही केलेलं नाही," असं म्हणून मी 'आनंद आहे' दाबलं. लगेच दुसरी तसलीच चौकट आली, दुसऱ्या भिंतीची. तिच्यावरही मी आनंद व्यक्त केला. तोवर मला बरीच गती आली होती.

आईचे पत्ते गेले. बायकोचं विणकाम गेलं. घरातले सगळे फोटो तिने सकाळीच स्वतःच्या फोनात घेऊन ठेवले होते. हे तिने माझ्यावरच्या कोणत्या भावनेने केलं, ते मी विचारलं नाही. थोड्या वेळाने कॉम्प्युटर नवा होऊन उठला. डोळ्याचं पातं लवायच्या आत उठला, हे मान्य करावं लागेल. वेग अफाट होता. फक्त त्यात काय चाललंय ते या घरातल्याच काय, या गावातल्या कोणालाही कळलं नसतं.

"पुन्हा पहिल्यापासून टाका आणि या वेळी मराठी निवडा," बायको म्हणाली. सूचना चांगली होती. पण पेनड्राइव्ह रिकामा निघाला. दुसरी भिंत ती होती.

मेहुण्याला फोन लावला तर तो भर समुद्रात, संपर्काच्या बाहेर. मग कंपनीच्या मदत केंद्राला लावला. बरंच संगीत ऐकल्यावर एक मुलगी बोलू लागली.

"सर, आपली सिस्टिम कोणत्या भाषेत आहे?"

"तेच मला तुम्हाला विचारायचंय."

"सर, भाषा सांगितल्याशिवाय तक्रार पुढे जात नाही. ती चौकट रिकामी सोडता येत नाही."

"मग 'माहीत नाही' असं लिहा."

"'माहीत नाही' ही भाषा यादीत नाही सर."

"'इतर' असेल ना?"

"आहे सर. पण 'इतर' निवडलं की कोणती इतर ते लिहावं लागतं. तुम्ही सिस्टिममध्ये जाऊन भाषेचं नाव वाचून सांगता का?"

मी फोन ठेवला. खरं सांगायचं तर राग आला नाही. ती आमच्या कार्यालयात असती तर मी तिच्या बढतीची शिफारस केली असती.

तोवर वरच्या मजल्यावरचे मास्तर येऊन ठेपले. हे निवृत्त मुख्याध्यापक. जिन्यात कोणी शिंकलं तरी ते खाली येऊन कारणमीमांसा करतात. त्यांनी पडद्याचं बारकाईने निरीक्षण केलं.

"थंड प्रदेशातली भाषा आहे," ते म्हणाले. "अक्षरं पाहा कशी अंग चोरून बसलीयत."

"छे हो," विमावाले म्हणाले. "उष्ण प्रदेश. इतके ठिपके? घाम आहे तो."

"ठिपके म्हणजे बर्फ."

"बर्फ अक्षरांच्या वर पडेल, मास्तर. इथे खालीही आहेत."

"खाली पडलेला बर्फ आहे तो!"

दोघेही हातघाईवर यायच्या बेतात होते. त्यांना शांत करण्यासाठी मी सहज कळफलकावरची दोन-तीन बटणं एकदम दाबली. त्याबरोबर कॉम्प्युटर बोलू लागला.

एका बाईचा आवाज होता. स्वच्छ, ठाम, जरा रागीट. मी माउस जिकडे नेईन तिकडचं सगळं ती त्या भाषेत मोठ्याने वाचू लागली. माउस हलवला नाही तर थोडा वेळ थांबून ती आपणहून काहीतरी विचारायची आणि उत्तर आलं नाही की तेच पुन्हा, अधिक सावकाश विचारायची. आमच्या तोंडचं पाणी पळालं. आवाज बंद करायचं बटण शोधायला गेलो तर वाटेतल्या प्रत्येक गोष्टीचं नाव तिने जाहीर केलं.

"ही तुम्हाला बोलतेय," बायको म्हणाली.

"कशावरून?"

"सुरावरून. मला ओळखू येतो तो सूर."

आईला मात्र ती बाई आवडली. रविवारी सकाळी मी उठलो तर आई कॉम्प्युटरसमोर बसून तिला "हो", "बरं", "असं का" म्हणत होती.  मला पाहून ती हळूच म्हणाली, "अरे, चारला लागेल ना रे ते?"

मी म्हटलं, "लागेल की. न लागायला काय झालं?"

"नाही म्हणजे, मी समोर नसले तर ती समजेल मला बोलायचं नाही." आणि एवढं बोलून ती पुन्हा त्या बाईकडे वळली.  आपल्या घरातलं माणूस नऊ वर्षं एका दिवसाची वाट बघतं आणि त्याच्या आदल्या दिवशी आपण कौतुकाने पेनड्राइव्ह घेऊन बसतो. मला माझी भयंकर लाज वाटली. काल दुसरं बटण दाबायला हवं होतं.

जेवणं झाल्यावर मेहुण्याचा फोन आला. जहाज किनाऱ्याजवळ आलं होतं आणि आवाज तुटत होता. "भावजी, कोपऱ्यातलं निळं... त्याच्यात तिसरं... नाही, त्यांच्या बाजूने तिसरं... बदकासारखं अक्षर दिसतंय?" दिसत होतं. मास्तरांच्या मते ते बदक नसून किटली होती, पण मी कोणाचं ऐकलं नाही. बदकावर क्लिक केल्यावर बोलायची खिडकी उघडली. तिच्यात आईचा फोननंबर घालायचा होता आणि आकडे नेहमीचेच होते. इतकं ओळखीचं काही पाहून मला भरून आलं. मेहुणा पुढचं सांगणार तेवढ्यात जहाज पुन्हा समुद्रात गेलं.

चार वाजायच्या आधीच सगळे जमले. मास्तर, विमावाले, बायको आणि मी. आईने कपाटातून चष्मा काढून लावला आणि ती मागच्या खुर्चीत ताठ बसली. पुढे जागाच नव्हती. आम्ही सगळे पडद्याला चिकटलो होतो.

आणि घंटा वाजली. पडद्यावर चौकट आली. तिच्यात दोन बटणं, एक हिरवं, एक लाल. दोन्हींवर लोकर. कॉम्प्युटरमधल्या बाईने दोन्ही मोठ्याने वाचून दाखवली.

"हिरवं दाबा," बायको म्हणाली.

"थांबा!" विमावाले ओरडले. "त्यांचं सगळंच उलट आहे. उजवं डावीकडे, डावं उजवीकडे. हिरवं म्हणजे तिकडे बंद असलं तर?"

यावर आम्ही विचारात पडलो. शांतपणे पाहिलं तर बोलण्यात तथ्य होतं.

"फोन धरा, भाषांतर करा," मास्तर म्हणाले. बायकोने फोन धरला. फोन म्हणाला, "स्वीकाराचा नकार" आणि "नकाराचा स्वीकार".

"मतदान घेऊ," मास्तर म्हणाले. घंटा वाजत होती. माझा हात माउसवर होता. आयुष्यात पहिल्यांदा मला खाली काय लिहिलंय ते वाचावंसं वाटत होतं आणि नेमकं तेच वाचता येत नव्हतं. तिकडे मावशी बसली होती आणि इकडे एक मत हिरव्याला, एक लालला पडलं होतं, विमावाले तटस्थ होते. घंटा कोणत्याही क्षणी थांबणार होती.

"सरका बाजूला," आई म्हणाली. तिने मास्तरांना कोपराने ढकललं, माझ्या हाताखालून माउस ओढून घेतला आणि हिरवं दाबलं. "फोन वाजला की उचलायचा. त्यात वाचायचंय काय?"

पडद्यावर मावशी आली. अख्खी, चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांसकट. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. 

"किती गं गर्दी ती," मावशी म्हणाली. "भांडायला माणसं जमवलीस का?"

"भांडायला मी एकटी पुरते. ही कॉम्प्युटर बिघडवायला जमलीयत."

तेवढ्यात आमची बाई काहीतरी बोलली.

"ही कोण?"

"आतली आहे. कालपासून बोलतेय."

"काय म्हणतेय?"

"काय की. पण निदान बोलते तरी."

मावशीने मान वळवली. मला वाटलं, संपलं. मग ती तशीच तिकडे बघत म्हणाली, "टेबल विकलंस ना माझ्या आईचं?"

"विकते कशाला? तू त्याच्यावरच तर बसलीयेस."

मावशीने चमकून खाली पाहिलं. तिला काय दिसलं असेल कोण जाणे, तिचीच मांडी दिसली असेल. पण आईने पायाने पायडल मारलं आणि चाक खडखडलं. तो आवाज तिकडे पोचला. मावशी हसायला लागली. हसता हसता तिने पदर तोंडाला लावला आणि मग ती हसत नव्हती. आईही रडत होती आणि पायडल मारत होती. विमावाले नाक शिंकरत गॅलरीत गेले. मास्तर तर उघड रडले. मीही रडलो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. ती बाई तेवढी आपलं काहीतरी वाचत होती. शेवटी मावशीकडची वीज गेली आणि बोलणं तिथेच तुटलं.

त्यानंतर मेहुणा सुट्टीवर आला. त्याने कॉम्प्युटरसमोर बसून दोनदा टिचकी मारली आणि सगळं मराठी झालं. बाईही गप्प झाली. त्याचा चहासुद्धा तोवर निवला नव्हता. "भावजी, हे आत शिरून कधीही बदलता येतं," तो म्हणाला. मी ऐकू न आल्यासारखं केलं.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण पुढच्या रविवारी दोघी पुन्हा बोलायला बसल्या. पोटभर बोलल्या. मग मावशी म्हणाली, "चल ठेवते," आई म्हणाली, "ठेव," आणि पडद्यावर स्वच्छ मराठीत चौकट आली.

"तुम्हाला हे संभाषण नक्की संपवायचे आहे का?"

आईने चष्मा सारखा केला. ते एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. तिने माउस सोडून दिला.

"मी कशाला हो म्हणू? मला नाही संपवायचं. तिला दाबायला सांग."

"मी नाही दाबणार," तिकडून मावशी म्हणाली. सुनेने तिच्याकडेही मराठी करून दिलं होतं. "पुन्हा म्हणशील, मीच बोलणं तोडलं."

"अहो, ते फक्त फोन ठेवण्यापुरतं आहे," मी समजावलं. "त्याचा अर्थ तसा नसतो."

"मग तसं लिहावं ना त्यांनी," आई म्हणाली. मी तो प्रकार मिटवायला हात पुढे केला, तर दोन्हीकडून एकदम माझं नाव घेऊन अशी हाक आली की मी हात मागे घेतला.

तेव्हापासून ते संभाषण चालू आहे. आई आणि मावशी बोलत असतात असं नाही. आई पत्ते मांडते, मावशी तिकडे भाजी निवडते. दूध उतू जायला लागलं की मावशी पडद्यातून बायकोला हाक मारते. मी उशिरा आलो तर ती घड्याळाकडे बघते. मास्तर पेपर न्यायला येतात तेव्हा त्यांची तिच्याशी हवामानावर चर्चा होते. विमावाल्यांनी तिला एक पॉलिसीसुद्धा समजावून सांगितली. घरात एक माणूस वाढलंय आणि आम्हाला हळूहळू सवय होतेय.

काल मी कार्यालयातून आलो. आई टेबलापाशी नुसतीच बसून होती. मी म्हटलं, "आई, वीजबिल किती येईल याचा काही विचार..."

"हळू बोल," आई कुजबुजली आणि पडद्याकडे बोट दाखवलं. मावशी खुर्चीत मान टाकून झोपली होती, तोंड अर्धवट उघडं. "आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा."

मी चपला हातात घेतल्या आणि माझ्याच घरात पाय न वाजवता आत गेलो.